पंपावर असलेली माणसं

कबीर, मागच्या आठवड्यात तू कॅलगरीहून व्हिडिओ कॉल केलास, नवा निळा इनहेलर कॅमेऱ्यासमोर नाचवलास आणि विचारलंस, "आजी, कोरोनात मी तुझ्याकडे असतो तर मला व्हिला मिळाला असता?" व्हिलाची गोष्ट तुला तुझ्या बाबाने अर्धीच सांगितली असणार, कारण त्यालाही ती अर्धीच माहीत आहे. त्याच सुमाराला इथल्या, कुवेतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून माझ्या मागे लागल्या होत्या. तेव्हा तुझं उत्तर आणि त्यांचा लेख एकदमच लिहून टाकते. वाचताना अडलास तर तुझ्या बहिणीला, इराला, जवळ बसव. तिचं मराठी तुझ्यापेक्षा बरं आहे, हे तिला सांगू नकोस.

आधी उत्तर देते, म्हणजे ते शोधत तू शेवटच्या पानावर उडी मारणार नाहीस. नाही. तुला व्हिला मिळाला नसता. का नाही, ते समजायला मात्र सगळं वाचावं लागेल.

मी कुवेतमध्ये एका कंत्राटदार कंपनीच्या दवाखान्यात नर्स होते. ही कंपनी इतरांना माणसं पुरवायची: स्वयंपाकी, सफाईवाले, ड्रायव्हर, पाण्याच्या टाक्या आणि वातानुकूलन सांभाळणारे. दवाखाना म्हणजे ऑफिसच्या मागच्या तीन खोल्या. डॉक्टर नादिया नावाच्या इजिप्शियन बाई डॉक्टर होत्या आणि बाकी सगळी मी. भाजलेले हात, वाढलेली साखर, मोडलेलं बोट, आणि धुळीचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी दाराबाहेर खोकणाऱ्यांची रांग. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सगळं जागच्या जागी लागणारी. माझ्या कपाटातली औषधं अक्षरांच्या क्रमाने उभी असत. नादिया म्हणायच्या, "सिस्टर, तुझ्या कपाटात शिरायला मला भीती वाटते." मी म्हणायचे, "म्हणूनच कुणाचं औषध हरवत नाही."

दम्याचं माझं विशेष शिक्षण झालं होतं, त्यामुळे धापा टाकणारे सगळे माझ्या वाट्याला. कबीर, तुझ्या डॉक्टरांनी तुला सांगितलं असेलच, तरी इथल्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. दम्यात छातीतल्या हवेच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. त्यावर मुख्यतः दोन औषधं, दोन्ही तोंडाने ओढायची. आपली माणसं त्यांना सरसकट 'पंप' म्हणतात. आमच्या दवाखान्यात एक निळा असे आणि एक तपकिरी. निळा म्हणजे आगीचा बंब. आवळलेल्या नळ्या लगेच मोकळ्या करतो, पण थोड्याच तासांपुरत्या. तपकिरी म्हणजे रोज सकाळी येऊन गॅसची नळी तपासणारी बाई. ती सूज हळूहळू उतरवते आणि आग लागूच देत नाही. पण ती कंटाळवाणी. तिने केलेलं काम दिसत नाही, म्हणून लोक तिला काढून टाकतात आणि मग रोज बंब बोलावत बसतात. ज्याचा तपकिरी बंद आणि निळा दिवसातून आठ वेळा, तो माणूस धोक्यात आहे, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येई.

साथ आली, संचारबंदी लागली आणि कंपनीने रुमैथियात एक रिकामा व्हिला भाड्याने घेतला. ज्यांना विषाणू गाठला तर जास्त त्रास होईल, त्यांना तिथे स्वतंत्र खोलीत ठेवायचं, जेवण दाराशी, पगार चालू. इंग्रजीत त्याला शिल्डिंग म्हणत होते. मी मराठीत 'जपणूक' म्हणायला लागले. कामगार दोन्ही म्हणत नव्हते. ते म्हणत, "त्याला व्हिला लागला," जशी लॉटरी लागते.

खोल्या थोड्या आणि दमा आहे म्हणणारे पुष्कळ. नियम असा होता की नुसता दमा असून चालणार नाही. दम्यासाठी वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्या लागलेले, त्यापायी इस्पितळात राहून आलेले, मोठ्या मात्रेची औषधं घेऊनही छाती न सावरलेले, एवढेच बसत. ज्याचा दमा औषधाने ताब्यात आहे, जो दोन्ही पंप वेळेवर घेऊन धावतो, खेळतो, त्याने इतरांसारखीच काळजी घ्यायची. म्हणजे तू. आलं लक्षात?

दवाखान्यात कुणाला बोलावता येत नव्हतं, म्हणून मी सलवा भागातल्या घरातून, तुझ्या आत्याच्या जेवणाच्या टेबलावर बसून, एकेकाला फोन करायचे. काय एकेक गिऱ्हाईक! एकजण फोनवर इतका सुरेख खोकायचा की दर खोकल्यानंतर टाळीसाठी थांबतोय असं वाटे. एका ड्रायव्हरने अदबीने विचारलं, "मॅडम, मला नाही, पण बायकोला आहे गावाकडे. चालेल का?" एकाने सांगितलं की त्याला फक्त सुपरवायझर दिसला की दम लागतो. त्याला मी म्हटलं, "हा आजार खूप पसरलाय, यावर व्हिला पुरणार नाही."

आणि मग सोनवण्यांचा फोन.

सोनवणे लातूरकडचे, जहऱ्याच्या कामगार कॅम्पात कामाला. यादीत त्यांच्या नावापुढे 'पंप' एवढंच लिहिलेलं होतं. बोलायला मोकळे. मी माझे ठरलेले प्रश्न सुरू केले.

"सोनवणे, तुम्ही पंपावर आहात ना?"

"हाव मॅडम. सहा वर्षं झाली पंपावरच हाय की."

"दिवसातून किती वेळा लागतो?"

"आता गरमी सुरू झाली, तर आठ-धा वेळा चालू करावा लागतो. थंडीत एवढा नाही."

माझा पेन थांबला. "निळा की तपकिरी?"

"निळा. तपकिरी बंद पडून लई दिवस झाले. निळ्यावरच भागवायलोय."

"अहो, मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. कोण ऐकतंय मॅडम? म्हणले, चालतंय तोवर चालवा."

मी नादियांना फोन लावला आणि त्यांनी तिकडे कपाळाला हात लावला असावा. सहा वर्षं पंपावर, त्यातही नुसता निळा: हा माणूस नियमात बसणारच, असं आम्ही पुढचं काही न विचारताच धरून चाललो. संध्याकाळच्या आत परवानगी काढून कंपनीची व्हॅन जहऱ्याला गेली आणि सोनवणे पिशवी घेऊन रुमैथियाच्या व्हिलात, वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात हवेशीर खोलीत दाखल झाले. पंप मी दाराशी ठेवायला पाठवले, निळा आणि तपकिरी, दोन्ही नवेकोरे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर कसे ओढायचे ते दाखवीन, असा निरोपही दिला.

दुसऱ्या दिवशी आधी फोन आला तो कॅम्पचा कारभार बघणाऱ्या फारुखभाईंचा. हैदराबादचे, आवाज असा की फोन टेबलावर ठेवला तरी ऐकू यावा.

"सिस्टर! मेरा पंपवाला किधर उठा के ले गए?"

"कौन पंपवाला, फारुखभाई?"

"अरे सोनवणे! ऊपर की टंकी में बूंद भर पानी नहीं है. सारा कॅम्प बाल्टी ले के खडा है मेरे दरवाजे पे!"

मी फोन ठेवला. तुझी आत्या समोर लसूण सोलत बसली होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "मी पाण्याच्या मोटरला दम्याचा आजार लावला." त्यानंतर बराच वेळ आमच्या घरात कुणी कामाचं बोलू शकलं नाही.

सोनवण्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. कॅम्पात पाण्याचे पंप दोन, एक निळ्या रंगाचा आणि एक तपकिरी. कंपनीने आपल्याला बंगल्यावर पाठवलं, तर बंगल्याचा पंप बिघडला असणार, असं त्यांनी धरलं. आल्या आल्या ते तळघरात जाऊन मोटर बघून आले होते. "चांगली हाय मॅडम, जर्मन हाय. मी म्हणलं, माझं काम काय इथं? पण जेवण चांगलं यायलंय, म्हणून बोललो नाही." आणि दाराशी ठेवलेले दोन इनहेलर? "ते होय! मला वाटलं, मच्छरांचं औषध हाय. खोलीत मारलं थोडं."

मी त्यांना परत पाठवायची व्यवस्था करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, दमेकरी पाहिजे असंल तर माझ्या पंपापाशीच बसलेला असतो की रोज. हसनमिया, आमचा खुबूसवाला. पहाटे भट्टीवरनं बाहेर येतो, गुडघ्यावर हात ठेवतो आन् असा बसतो. पाण्याचा गारवा असतो ना तिथं. मी म्हणतो, चाचा, डॉक्टरला दाखवा. तर म्हणतो, दम हाय, दमा नाही."

हसनमिया रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. कॅम्पाच्या मोठ्या स्वयंपाकघरात खुबूस, म्हणजे इथली ती गोल फुगीर रोटी, ते भाजायचे. पाच कॅम्प त्यांच्या भट्टीवर जेवायचे. दवाखान्यात मात्र ते कधी आले नव्हते, एकदा हाताला चटका बसला तेवढं सोडून. मी त्यांना फोन लावला आणि या वेळी 'पंप' हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं.

"हसनमिया, दमा आहे का तुम्हाला?"

"नाय बाय. दमा नाय. दम लागता… जरासा. तो तर… सगल्यांना लागता."

आता आमच्या कामातली एक साधी गोष्ट सांगते. दम्याचा माणूस काय सांगतो, यापेक्षा तो एका श्वासात किती शब्द सांगतो, ते ऐकायचं. हसनमियांचं वाक्य तिसऱ्या-चौथ्या शब्दाला अडकत होतं. मधे एक बारीक शिट्टी. ती शिट्टी फोनच्या तारेतली नव्हती.

"रात्री उठून बसावं लागतं का?"

"म्हातारपन… बाय."

"वय काय तुमचं?"

"पन्नास… व्हायचं हाय."

"सुट्टीवर गावाला गेलात की कसं वाटतं?"

"गावाला गेलो का… कायच नाय. गावची हवा बाय. समुद्राची."

कुवेतलाही समुद्र आहे. रुमैथियाच्या पुढे गेलं की हाच समुद्र. गावात नसतं ते एकच: पीठ. वर्षानुवर्षं पिठाची धूळ छातीत गेली की काही भट्टीवाल्यांना त्या पिठाचाच दमा होतो. कामावर वाढतो, सुट्टीत उतरतो, म्हणून माणसाला वाटतं आजार नाही, कष्ट आहेत. हसनमियांनी मला तेच ऐकवलं. "दमा म्हंजे म्हातारा खाटेवरचा. दम म्हंजे कष्ट. कष्ट करनाराला… दम लागनारच की. तुमी लिवू नका बाय… दमा. फायलीत आला का… इकामा नाय व्हायचा माझा. एक्झिट मारून… घरी."

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि एक्झिट म्हणजे कायमचं परत. म्हणून हा माणूस एका कान्यावर अडून बसला होता. दम लिहिलं तर भट्टी राहते, दमा लिहिलं तर जाते. आणि साथ कॅम्पाच्या दाराशी आलेली. बारा-बारा माणसं एका खोलीत निजत होती.

मी नादियांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "गोळ्या?" कधी घेतल्या नाहीत. "इस्पितळ?" कधी गेले नाहीत. "आधीचं निदान?" नाही.

"मग तो नियमात बसत नाही, हबीबती," त्या लाडाने म्हणाल्या.

"तो नियमात बसत नाही, कारण त्याला अजून डॉक्टरच भेटलेला नाही," मी म्हटलं. "आपला नियम आजाराची परीक्षा घेतो, पण ज्यांनी आधी शिकवणी लावलीय त्यांचीच."

त्या म्हणाल्या, "बरं. मग डॉक्टर भेटवू त्याला. तू जहऱ्याला जाशील?"

मी आनंदाने गेले. रिकाम्या रस्त्यांवरून व्हॅन धावत होती आणि सिग्नल कुणासाठी लाल होतात, हे सिग्नलनाही माहीत नव्हतं. कॅम्पाच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, मी मास्क-चष्मा-झगा घालून लांब उभी राहिले. मला त्या वेषात पाहून हसनमिया म्हणाले, "या अल्ला, चंद्रावरनं आलात… का काय बाय?" मी त्यांच्याकडे प्लास्टिकची एक नळी सरकवली. तिच्यात जोराने फुंकलं की छातीत हवा किती मोकळी आहे ते काट्यावर दिसतं. इंग्रजीत तिचं नाव लांबलचक आहे. मी तिला फुंकणी म्हणते. सोनवणे पंपाच्या खोलीच्या दारात पाहुण्यासारखे बसले होते.

हसनमियांनी फुंकलं. काटा उचलला न उचललासा झाला. मोडलीय नळी, ते म्हणाले. मी दुसरी दिली. तिचाही काटा तिथेच. मग निळा पंप, नळकांड्यातून, सावकाश. मी त्यांना सावलीत बसवलं. सोनवण्यांनी बसल्या बसल्या त्यांना बंगल्याच्या जेवणाचं वर्णन ऐकवलं. थोड्या वेळाने मी पुन्हा फुंकायला सांगितलं.

काटा सरसर वर गेला. औषधाने नळ्या अशा उघडतात तेव्हा त्या आजाराचं नाव एकच असतं. पण मी काही बोलायच्या आत हसनमियांनी स्वतःच छातीवर हात ठेवला, एक खोल श्वास घेतला, अजून एक घेतला, आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"बाय, एवढी हवा होती कुठं?"

"इथेच होती. तुमच्यापर्यंत पोचत नव्हती."

"गावची वाटते," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसते श्वास घेत बसले, नवं खेळणं मिळाल्यासारखे.

आता दोन गाठी सोडवायच्या होत्या. नादियांनी आपली सोडवली. औषधच न मिळालेल्या माणसाचा दमा किती मोठा आहे, हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून उपचार सुरू करू, तोवर त्याला तीव्र धरू, पुढे आकडे बोलतील, असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहिलं. मोठमोठ्या माणसांना मी त्या काळात नियमाआड लपताना पाहिलं, म्हणून ही सही मला अजून आठवते.

दुसरी गाठ फारुखभाईंची. मी त्यांना सरळ सांगितलं की हसनमियांना पिठाचा दमा आहे आणि यापुढे त्यांना पिठात उभं करता येणार नाही.

"तो खुबूस कौन बनाएगा, सिस्टर? आप?"

"मी बनवलेलं तुम्ही खाणार नाही. त्यांच्या हाताखालचा नेपाळी बनवेल. मास्क लावून, आणि पीठ वरून न ओतता, ओलं करून. आणि हसनमियांना परत आल्यावर भात-सालण रांधायला घ्या. माणूस घालवायचा नाही, फक्त जागा बदलायची."

फारुखभाई आवाज खाली आणून म्हणाले, "घर भेजने की बात किसने की? बीस साल पुराना आदमी है. वो गया तो इन लोगों को संभालेगा कौन, मैं?" मी हे जसंच्या तसं हसनमियांना ऐकवलं. कागदावर नादियांनी लिहिलं अरबीत, 'रबू', म्हणजे दमा. शिवाय त्यांनी फोनवर हसनमियांना समजावलं की हा पिठाचा 'हसासिया', म्हणजे ॲलर्जी, आहे. कुवेतात प्रत्येक घरात कुणाला तरी हसासिया असतो, धुळीचा, खजुराचा, मांजराचा; त्याची लाज कुणाला वाटत नाही. दोन्ही शब्द खरेच होते. हसनमियांनी त्यांतला आपल्याला झेपणारा उचलला आणि पिशवी भरली. खंत एकच राहिली. इतकी वर्षं मी दवाखान्यात बसून दम्याच्या माणसांची वाट पाहिली, आणि पिठाच्या खोलीत एकदाही पाय टाकला नव्हता.

हसनमिया व्हिलात आले आणि सोनवण्यांनी गाजवलेल्या खोलीतच राहिले. रोज सकाळी मी व्हिडिओवर हजर. तपकिरी दोन वेळा, मग चूळ भरायची, मग फुंकणी. त्यांनी चूळ चुकवली की मी ओरडायचे, मी ओरडले की ते म्हणायचे, "बाय, तुमच्या मिस्टरांची दया येते." आकडे हळूहळू चढत गेले. निळा आधी रोज लागायचा, मग कधीमधी, मग तो उशाशी नुसता पडून राहायला लागला. रात्री उठून बसणं थांबलं, पण सवयीने जाग आली की ते "आज काय झालं नाय" म्हणून पुन्हा झोपायचे.

एका सकाळी नादिया माझ्या फोनवर जोडलेल्या होत्या, महिन्याचा आढावा घ्यायला. मी विचारलं, "कसे आहात हसनमिया?" एवढंच.

"मी बरा हाय बाय, पन तुमी त्या नेपाल्याला सांगा, काल खुबूस आला तो काय खुबूस होता का चपलेचा तला होता, एका बाजूला करपला, दुसऱ्या बाजूला कच्चा, मी त्याला दोन वर्सं शिकवला, भट्टी लाल झाली का एक घडी थांब, मग टाक, पन त्याचं लक्ष फोनमदी, आनि सोनवण्याने म्हनं चार खाल्ले, त्याला काय कलता, तो लोखंड पन खाईल, तुमी फारुखभाईला सांगा का मना लांबून, दारात खुर्ची टाकून, तोंड बांधून, नुसता बगायला तरी बसू दे…"

नादियांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. त्या डोकं एका बाजूला कलवून, डोळे मिटून ऐकत होत्या, जशी एखादी बाई गाणं ऐकते. मग डोळे उघडून मला इंग्रजीत म्हणाल्या, "यात त्याने श्वास कुठे घेतला?"

"घेतलाच नाही," मी म्हटलं.

"खलास. आता हा बसत नाही नियमात. पुढच्या माणसाला खोली दे."

मी हसनमियांना सांगितलं, की आकडे उत्तम आहेत, छाती स्वच्छ आहे, औषध चालू ठेवायचं, पिठापासून लांब राहायचं, आणि उद्या त्यांना व्हिला सोडायचा आहे. भात-सालणाची जागा तयार आहे.

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. "म्हंजे मी आजारी होतो तवा कोन विचारत नव्हता, आनि आता बरा झालो तर भायेर काढता?"

"हो."

"हा कसला कायदा बाय?"

"दम्याचा," मी म्हटलं. "ज्याला जपायची गरज उरत नाही, तोच यात पास."

त्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, कायद्यापासून, मग कंपनी, मग कॅम्पातल्या खोल्या, मग पुन्हा खुबूस. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, चहा गाळला आणि ऐकत बसले. मधे बोलण्यासारखी फट त्यांनी ठेवलीच नव्हती.